स्वस्त सुगंधावर राग कशाला?

हल्ली आपल्याकडे एक नवा सोवळेपणा आला आहे. दहा रुपयांची अगरबत्ती म्हणजे 'केमिकल', आणि शहरातून आणलेल्या महाग डबीतली म्हणजे 'शुद्ध', 'नैसर्गिक'. यात मुसलमानही मागे नाहीत. डबीवर 'खालिस ऊद' छापले की आपण किंमत विचारत नाही, आणि शेजाऱ्याच्या स्वस्त काडीला मात्र नाक मुरडतो.

गेल्या महिन्यात सालेकसाच्या बाजारातून मी सहा पुडे आणले आणि रोज एक लावून पाहिला. व्हाइट मस्क धुतलेल्या कपड्यांसारखा स्वच्छ वाटला. गुलाब साबणाच्या वळणावर गेला. ऊद गोडसर होता, खोलीत बराच वेळ राहिला. चंदनाने निराश केले. पुडा हुंगला तर चंदन, पेटवल्यावर नुसता कोळसा. उरलेल्या दोघांची नावे इंग्रजी फॅशनची होती. त्यातला एक बरा, दुसरा डोके चढवणारा. दहा रुपयांत यापेक्षा जास्त काय हवे?

यात खरे चंदन नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, साधा हिशेब पुरतो. चंदनाचे तेल किलोला लाखाच्या घरात जाते. स्वस्त काडी म्हणजे बांबू, कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटण्यासाठी जिगट. तिला वास येतो तो कारखान्यात बनवलेल्या सुगंधी द्रावणात बुडवल्यावर.

पण कारखान्यात बनले म्हणून वाईट कसे? व्हॅनिलाचा वास 1874 साली प्रयोगशाळेत तयार झाला, कृत्रिम कस्तुरी 1888 मध्ये. त्याआधी कस्तुरीसाठी हरणाचा जीव जायचा. आज आपल्याकडे कस्तुरीमृगाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ज्या झाडापासून खरा ऊद मिळतो ते अगरूचे झाड तोडून तोडून दुर्मीळ झाले आणि त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. प्रत्येक घरात खालिस ऊद जळायचा ठरला तर जंगलात एक झाड उरणार नाही. एके काळी नवाबाच्या बैठकीत दरवळणारा वास आज तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या घरी पोहोचला आहे, तो याच 'केमिकल'मुळे. त्यावर नाक मुरडणे हा शुद्धतेचा आग्रह नाही, पैशाचा माज आहे.

'उदबत्ती' या मराठी शब्दातला ऊद अरबीतून आला. नागपूरच्या ताजबागेत, कचारगडच्या यात्रेत, डोंगरगडच्या पायऱ्यांवर भाविकांच्या हातात असाच स्वस्त पुडा असतो. तो काढून घ्यायचा आणि गरिबाने देवापुढे, मजारीपुढे काय न्यायचे?

मग तक्रार नाहीच का? आहे, आणि गंभीर आहे. पण ती स्वस्ताईबद्दल नाही.

पहिली तक्रार खोट्या नावाची. चंदनाचा थेंब नसताना पुड्यावर चंदनाच्या खोडाचे चित्र कशाला? 'चंदनासारखा वास' असे सरळ छापा. माप आणि तोल यांत फसवणूक करणाऱ्यांना कुरआनने खडसावले आहे. नावात फसवणूक करणारा त्यांच्याहून वेगळा कसा?

दुसरी तक्रार धुराची, आणि इथे महाग डबीही सुटत नाही. सिंगापूरमध्ये 61,320 लोकांची अनेक वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ घरात धूप-उदबत्ती जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील काही कर्करोगांचे प्रमाण जास्त आढळले. धूर चंदनाचा असो, लोबानचा असो की कोळशाचा, फुप्फुसाला तो धूरच. एका खोलीच्या घरात चूल, तान्हे मूल आणि बंद खिडकी असेल तर 'नैसर्गिक' हा शब्द कुणाला वाचवणार?

तिसरी तक्रार डास पळवणाऱ्या अगरबत्तीची. तिथे प्रश्न सुगंधाचा नाही, विषाचा आहे. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे अशा मालाची नोंदणी लागते. पुड्यावर नोंदणी क्रमांक नसेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नका. जंगलपट्ट्यात मलेरियाची भीती खरी आहे, पण त्यावर मच्छरदाणी आहे.

पैगंबरांना (स.) सुगंध प्रिय होता, हे आपण मोठ्या आवडीने सांगतो. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नका, असेही त्यांनी सांगितले, कारण शेजारी उभ्या असलेल्याला त्रास होतो. ही दुसरी गोष्ट आपण सोयीने विसरतो. मग दमेकरी म्हातारा सफमध्ये खोकत असताना बंद मशिदीत बत्त्यांचा जुडगा पेटवणे कोणत्या अदबीत बसते? जमातीपुरता अत्तराचा एक फाया पुरे.

घरी मात्र काडी लावा, बिनदिक्कत स्वस्तातली लावा. एक लावा, खिडकी उघडून लावा. आणि कुणी 'केमिकल आहे' म्हणून हिणवलेच, तर त्याच्या डबीतला धूर कुठे जातो ते विचारा.