चुकीचे पर्याय लिहून बघा!

नीट, सीईटी, एमपीएससी, कॉलेजची इंटर्नल… बारावीपासून आपण किती एमसीक्यू सोडवले? आकडा हजारांत जाईल. आणि स्वत: किती तयार केले? बहुतेकांचं उत्तर शून्य. दुसऱ्याने काढलेला प्रश्न चांगला की टुकार, हे तर आपल्याला कधी कुणी विचारलंच नाही. गोल काळा करा, नाहीतर क्लिक करा आणि पुढच्या प्रश्नाला लागा!

मला वाटतं, इथेच आपण फसतोय. एमसीक्यूतून खरंच काही शिकायचं असेल, तर प्रश्न आपणच काढायला हवेत आणि एकमेकांचे तपासायलाही हवेत.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात कम्प्युटर सायन्स शिकवणाऱ्या पॉल डेनी यांनी नेमकं यासाठीच 'पीअरवाइज' नावाचं ऑनलाइन व्यासपीठ तयार केलं. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत त्यावर शोधनिबंधही मांडला. पद्धत साधी आहे. वर्गात शिकवलेल्या भागावर विद्यार्थ्याने प्रश्न लिहायचा, पर्याय द्यायचे, बरोबर उत्तर ठरवायचं आणि ते का बरोबर, हेही लिहायचं. बाकीचे तो सोडवतात, किती अवघड होता, किती चांगला होता याचं रेटिंग देतात, कमेंट करतात. प्रश्न कुणाचा, हे वर्गातल्या इतरांना कळत नाही, शिक्षकांना कळतं.

यात काय एवढं, असं वाटेल. मग एक प्रश्न काढून बघू. '७३वी घटनादुरुस्ती कशाशी संबंधित आहे?' उत्तर : पंचायत राज. झालं? अजून तीन पर्याय हवेत. रेल्वे, क्रिकेट, हवामान असं लिहिलं तर अभ्यास न केलेलाही बरोबर उत्तर देईल. मग कोणते लिहायचे? नगरपालिका लिहा, कारण ती ७४वी आणि तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. पक्षांतरबंदी लिहा, ती ५२वी. शिक्षणाचा हक्क, ८६वी. बघा, एका प्रश्नासाठी चार घटनादुरुस्त्या वाचाव्या लागल्या. शिवाय आपल्यासारखाच एखादा मुलगा नेमका कुठे अडखळेल, याचाही विचार करावा लागला. गाइड दहादा वाचून हे होत नाही.

आता तपासणीचं. समजा कुणी विचारलं, 'ग्रामपंचायतीत महिलांसाठी किती जागा राखीव असतात?' आणि पर्यायांत एक तृतीयांशही आहे, निम्म्याही आहेत. लिहिणाऱ्याने एक तृतीयांशवर टिक केलंय. वर्गातल्या एखादीची आई गावात सरपंच असेल तर ती लगेच म्हणेल, अहो, आपल्याकडे निम्म्या आहेत! दोघंही आपापल्या जागी बरोबर. राज्यघटना किमान एक तृतीयांश म्हणते, महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. चुकलाय तो प्रश्न. 'घटनेनुसार' किंवा 'महाराष्ट्रात' हा एक शब्द राहिलाय. हा वाद कमेंटमध्ये पाच मिनिटं रंगला, तर पूर्ण वर्गाला तो फरक जन्मभर लक्षात राहील.

आणि असे शब्द राहून जाणं ही काही फक्त विद्यार्थ्यांची मक्तेदारी नाही. २०२४ ची नीट आठवा. अणूबद्दलच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं आधी ग्राह्य धरली गेली, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आणि नव्या पुस्तकांतल्या वाक्यांत फरक होता. ७२० पैकी ७२० मिळालेल्या ६७ जणांपैकी ४४ जणांचे पैकीच्या पैकी त्या एका प्रश्नामुळे होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि सुधारित निकालात पैकीच्या पैकीवाले १७ उरले. एका प्रश्नाच्या शब्दांवर एवढं अवलंबून असेल, तर प्रश्नाकडे संशयाने बघायची सवय आपल्याला नको का?

अर्थात, आपल्या वर्गात हे सुरू केलं तर काय होईल तेही दिसतंय. ग्रुपमधले एकमेकांना फाइव्ह स्टार वाटणार. कुणीतरी टेलिग्रामवरच्या पीडीएफमधून प्रश्न उचलणार, नाहीतर एआयकडून दहा सेकंदांत वीस काढून घेणार. म्हणून नाव लपलेलंच बरं. नुसत्या स्टारला अर्थ नाही. कमेंट सक्तीची हवी, 'मस्त' सोडून काहीतरी सांगणारी. आणि रेटिंगवर मार्क तर अजिबात नकोत. मार्क द्यायचेच तर स्पष्टीकरणाला द्या, एआयच्या प्रश्नातली चूक पकडणाऱ्यालाही द्या.

सगळ्या वर्गानेच चुकीच्या उत्तराला माना डोलावल्या तर? होऊ शकतं. त्यामुळे 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून सर-मॅडमना मोकळं होता येणार नाही. आठवड्यातून एकदा वादाचे दोन-तीन प्रश्न वर्गात घ्यावे लागतील. 

यासाठी कॉलेजच्या परवानगीचीही गरज नाही खरं तर. पाच जणांचा ग्रुप, एक शेअर केलेली शीट, दर रविवारी प्रत्येकी दोन प्रश्न. फक्त 'वरीलपैकी सर्व' या पर्यायावर पहिल्याच दिवशी बंदी घाला. आळशी माणसाचा पर्याय आहे तो!