तुझे एक पुस्तक, माझे एक पुस्तक



आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या कपाटात पुस्तकांचे दोन खण असतात. एकात दादा-दादींची उर्दू पुस्तके, दुसऱ्यात मुला-नातवंडांची मराठी. कपाट एकच, पण एका खणाचा वाचक दुसऱ्या खणाला हात लावत नाही. मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत गेली, घरात उर्दू बोलली जाते पण वाचता येत नाही. मग दादी गेल्या की वर्षभरात तो खण रद्दीवाल्याकडे रिकामा होतो. यावर आम्हाला सापडलेला एक साधा उपाय या महिन्यात सांगावासा वाटतो.

आमची एक जुनी मैत्रीण उर्दू माध्यमात शिकली, आम्ही मराठी माध्यमात. काही वर्षांपासून आम्ही दोघी दर तीन महिन्यांनी एकमेकींना एक पुस्तक सुचवतो. अट एवढीच की, त्या प्रकारचे पुस्तक समोरचीने आजवर वाचलेले नसावे. सामाजिक कादंबऱ्या आणि चरित्रे यांवर आमचे दोघींचेही वाचन पोसलेले. रहस्यकथा म्हणजे एसटीत वेळ काढायची गोष्ट आणि विज्ञानकथा म्हणजे मुलांचे खाऊचे वाचन, असे दोन्ही घरांत मानले जाई.

तिने पहिले नाव सुचवले ते इब्ने सफी यांचे. खरे नाव असरार अहमद, जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा हे गाव. १९५२ मध्ये अलाहाबादेतून त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण त्यांचे वाचक दोन्ही देशांत राहिले. अश्लील मजकुराशिवाय उर्दूत कादंबरी खपणार नाही, असे मित्रांच्या बैठकीत कोणी म्हणाले आणि ते खोटे ठरवायला त्यांनी लेखणी उचलली, असे सांगतात. पुढे दोनशेहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, आणि घरात सर्वांसमोर ठेवता येतील अशा लिहिल्या. उर्दू लिपी आम्हाला येत नाही, म्हणून मैत्रीण वाची आणि आम्ही ऐकत असू. गंभीर फरीदी, थट्टेखोर हमीद आणि वरवर वेंधळा वाटणारा इम्रान कानांनीच ओळखीचे झाले. अडलेला शब्द ती तिथल्या तिथे सांगे. एकट्याने वाचायचे असेल त्यांच्यासाठी यांतल्या बऱ्याच कादंबऱ्या हिंदीतही आल्या आहेत.

बदल्यात आम्ही तिला बाबूराव अर्नाळकर दिले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस तिला नावानेही ठाऊक नव्हता. झुंजार आणि काळापहाड यांची ओळख झाल्यावर ती म्हणाली, “अगं, आमच्या अब्बांच्या उशाशी इम्रान असायचा, तुमच्या वडिलांच्या उशाशी झुंजार. दोघे एकाच मोहल्ल्यात राहून कधी भेटले नाहीत.”

सगळेच काही जमले असे नाही. नारायण धारपांची भयकथा तिने निम्म्यावर परत केली. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाणे बंद झाले, हे कारण आम्ही मान्य केले.

विज्ञानकथेच्या पाळीला आम्ही जयंत नारळीकर सुचवले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. नावाकडे पाहून कोणी बक्षीस देऊ नये, म्हणून. पहिले बक्षीस मिळाले ते कथेलाच. मैत्रिणीला हा किस्साच इतका आवडला की तिने संग्रह दोन दिवसांत संपवला.

तिचे उत्तर मात्र आम्हाला गप्प करणारे होते. तिने सुचवली बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही छोटी कथा, १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली. तिच्यातल्या देशात पुरुष मर्दान्यात बसतात आणि स्त्रिया राज्य चालवतात. त्यांची विद्यापीठे आकाशातून पाणी मिळवतात, सूर्याची उष्णता साठवतात. त्या उष्णतेवर चूल चालते आणि तिच्याच जोरावर शत्रूचे सैन्य परतवले जाते. सौर चुलीचे हे स्वप्न पाहणाऱ्या बाईंना शाळेची पायरीही चढायला मिळाली नव्हती. मोठ्या भावाने घरीच इंग्रजी शिकवले, पुढे पतीने लिहिण्याला प्रोत्साहन दिले. पतीच्या निधनानंतर त्यांनी मुलींची शाळा काढली. १९११ मध्ये ती कोलकात्यात सुरू झाली तेव्हा मुली होत्या आठ. विज्ञानकथा हा आपला प्रांत नव्हे, असे म्हणणाऱ्या आम्हा दोघींच्या आधी, शंभर वर्षांपूर्वी, आपल्यातलीच एक बाई तिथे जाऊन आली होती. मैत्रिणीने ही कथा आपल्या नववीतल्या नातीला सांगितली. नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सौर चुलीचा प्रकल्प घेतला आहे.

आपणही असा सौदा करून पाहा. जोडीदार शक्यतो दुसऱ्या भाषेचा वाचक असावा. आपल्यासारख्याच आवडीचा माणूस आपलेच पुस्तक आपल्याला परत सुचवतो. पन्नास पाने वाचल्याशिवाय पुस्तक टाकायचे नाही. त्यानंतर टाकले तर चालेल, पण का आवडले नाही ते सांगायचे. त्या बोलण्यातच अर्धी मजा आहे. लिपी येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्यायचे. उसने आणलेले पुस्तक मात्र ठरल्या तारखेला परत द्यायचे, नाहीतर दोस्ती आणि किताब दोन्ही जातात.

आणि जोडीदार शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. उर्दू वाचणारी दादी, नाना, खाला घरातच असेल, तर आज मगरिबनंतर त्यांच्या हाती त्या खणातले एक पुस्तक द्या आणि म्हणा, “थोडे वाचून दाखवा.” त्यांना बोलावणे पुष्कळ दिवसांत आलेले नसते.