न आलेल्या गाडीतील सवलत

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कळमनुरीकरांना जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. शहराला मात्र रेल्वे नाही. पोटासाठी हिंगोली वा नांदेडला रोज ये-जा करणाऱ्या सामान्य माणसाचा आधार एसटीच. गाडी वेळेवर आली की शिक्षक, कारकून, गवंडी, भाजीवाली एकाच बाकावर बसतात, एकमेकांची सुखदुःखे विचारतात. हा आनंद लहान नव्हे. पण गाडी आली नाही, तर कारकुनाला लेटमार्क पडतो आणि रोजंदारीवाल्याचा खाडा होतो. दोष व्यवस्थेचा, दंड श्रमिकाला!

१७ मार्च २०२३ पासून शासनाने स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट लागू केले, ते स्वागतार्हच. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. परंतु न आलेल्या गाडीतील सवलत कोणाच्या उपयोगाची? आणि वाढीव भाडे देणाऱ्याला वेळेची हमी का नसावी?

चालक-वाहक हेही श्रमिकच. त्यांच्याशी भांडून प्रश्न सुटणार नाही. कार्यकर्त्यांनी त्यांना सोबत घेऊन प्रवाशांची समिती उभारावी, रद्द फेऱ्यांची तारीखवार नोंद ठेवावी आणि आगारात जाब विचारावा. वेळेवर येणारी गाडी ही शासनाची मेहेरबानी नसून कष्टकऱ्यांचा हक्क आहे.