एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही

सेमाडोह, परतवाड्याकडची आपली पोरं पुण्या-मुंबईच्या मोठ्या साइटवर वायरिंगच्या कामाला जातात. सुटीत आली की "झटके तर रोजचेच" असं हसत सांगतात. हे हसण्यावारी नेणं पटत नाही. झटका बसणं ही मर्दुमकी नाही.

बोर्डात एमसीबी आहे म्हणून पोरं निर्धास्त असतात. पण ती भार वाढला की पडते, वायर जळू देत नाही. अंगातून जमिनीत गेलेला थोडा करंट तिला कळतच नाही. तो ओळखून क्षणात पडते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले तर तीही पडत नाही, म्हणून मेन बंद करूनच हात घालावा.) ती नसेल तर ओल्या स्लॅबवर ग्राइंडर धरायला पोरांनी साफ नकार द्यावा. तिचा खर्च ठेकेदाराचा, पोरांच्या हजेरीतून कापायचा नाही.

घरच्यांसाठीही एक. शॉक लागलेल्याला मातीत पुरण्यात वेळ घालवू नका. आधी मेन बंद करा, १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा, गाडी येईपर्यंत.