कधीच न भरलेली टाकी

गेल्या पावसाळ्यात एकाच घरातले तिघे जण काविळीने आजारी पडून माझ्या दवाखान्यात आले. आधी नातू, मग आजोबा आणि शेवटी सहा महिन्यांची गरोदर सून. गरोदरपणात 'ई' प्रकारची कावीळ किती घातक ठरते हे ठाऊक असल्याने सुनेला मी लगेच जिल्ह्याच्या गावी पाठवले. सुदैवाने ती आणि बाळ दोघेही वाचले.

या मंडळींनी आदल्याच उन्हाळ्यात ते जुने घर विकत घेतले होते. सिटी सर्व्हेचा उतारा पाहिला, घरपट्टीच्या पावत्या तपासल्या, वास्तुशांत थाटात केली. संडासाच्या टाकीबद्दल विचारले तेव्हा विकणारा अभिमानाने म्हणाला होता, "अहो, वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही!" घेणाऱ्याला बरे वाटले. वाचकहो, मला मात्र हे वाक्य ऐकले की धडकी भरते.

सेप्टिक टाकी मैला नाहीसा करीत नाही. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. टाकीतले जंतू गाळ कुजवून कमी करतात, पण संपवीत नाहीत. चार-सहा माणसांच्या घरातली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागतेच. मग वीस वर्षांचा मैला गेला कुठे? एक तर टाकीला तळच नाही आणि सारे जमिनीत मुरते आहे, किंवा गवंड्याने गुपचूप गटारात पाइप सोडला आहे. या घरात तळाचे काँक्रीटच नव्हते आणि वीस-पंचवीस फुटांवर आड होता. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून मधल्या दिवशी आडाचे पाणी प्यायचे. ते तपासायला पाठवले, तर पिण्यास अयोग्य असा अहवाल आला. कावीळ त्या टाकीमुळेच झाली असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तुम्ही त्या आडाचे पाणी प्याल का?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, जुने घर घेताना विसार देण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. झाकण कुठे आहे, शेवटचा उपसा कधी झाला, त्याची पावती आहे का, बाहेर पडणारे पाणी कुठे जाते आणि विहीर किंवा बोअर निदान पन्नास-साठ फूट लांब आहे का, हे विचारायला संकोच कसला? आणि विकणाऱ्यानेही लपवू नये. उपसा केल्याची पावती दाखवणे यात कमीपणा नाही, उलट घराची किंमत वाढावी.

इथे माझीही कबुली देतो. वडिलांनी १९८६ साली बांधलेल्या आमच्या घराच्या टाकीचे झाकण कुठे आहे हे मलाच माहीत नव्हते. अंगणात हौसेने बसवलेली फरशी फोडावी लागली. सौभाग्यवतींचा तो राग अजून पुरता गेलेला नाही.

उपसा मात्र गाडीनेच करावा. 'पाचशे रुपयांत आत उतरून साफ करून देतो' म्हणणारा भेटतो. त्याला आत उतरू देऊ नका. टाकीत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला वास कळेनासा होतो आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने असे काम करवून घेणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सातारा जिल्ह्यातले वाई आणि नाशिक जिल्ह्यातले सिन्नर या गावांनी २०१८ पासून घराघरांतल्या टाक्या ठरावीक मुदतीने गाडीने उपसण्याची व्यवस्था सुरू केली. आपल्यासारखीच ही गावे आहेत. आपल्या नगरसेवकांना हे विचारायला हरकत नाही.

संडासात अॅसिडच्या बाटल्या रिकाम्या करण्याची अनेकांना सवय असते. त्याने टाकीतले उपयोगी जंतू मरतात. सॅनिटरी नॅपकिन, लहान मुलांचे डायपर, खरकटे यांतले काहीही आत जाता कामा नये. वायू जाण्याच्या उभ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. हत्तीरोग पसरवणारे डास तिथेच वाढतात.

उपसा पावसाळ्यापूर्वी करून घ्यावा आणि तारीख लिहून ती चिठ्ठी घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावी. त्या कुटुंबाने आता तळाची पक्की टाकी बांधली आहे. आडाचे पाणी फक्त झाडांना घालतात.