काटा उतरला, पण काय उतरले?



घोडबंदर गावातल्या माझ्या दवाखान्यात गेल्या कार्तिकी एकादशीनंतर दोनच दिवसांनी एक काकू पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. वय ७०, उंची १५० सेंटिमीटर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आषाढीला त्यांनी चातुर्मासाचा नेम म्हणून रात्रीचे जेवण सोडले होते. तेव्हा वजन ७२ किलो होते. त्या दिवशी काट्याने ६३ दाखवले. गुडघे कमी दुखू लागले होते आणि रक्तातील साखरही उतरली होती. सूनबाईंच्या चेहऱ्यावर सासूबाईंविषयीचे कौतुक दिसत होते. मीही मनापासून म्हणालो, "काकू, शाबास! असेच चालू ठेवा."

त्यानंतर तीन आठवड्यांनी काकू पहाटे स्नानगृहातून उठताना कोलमडल्या. पाय घसरला नव्हता आणि चक्करही आली नव्हती. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "पायांनी उचललेच नाही." खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. मी भेटायला गेलो तेव्हा चादरीबाहेर आलेली त्यांची पोटरी माझ्या नजरेस पडली. ती एखाद्या किशोरवयीन मुलीच्या पोटरीएवढी बारीक झाली होती. पोट मात्र बरेचसे होते तेथेच होते. चार महिन्यांत मी त्यांना तीनदा काट्यावर उभे केले होते. ताटात काय असते हे एकदाही विचारले नव्हते, खुर्चीतून उठून दाखवा असेही म्हटले नव्हते. माझी ही चूक मला अजून सलते, आणि या अंकातले लेखन तिच्यामुळेच घडले आहे.

वजनाचा काटा चरबी, स्नायू, हाडे आणि पाणी यांची एकच बेरीज दाखवतो. आहार नुसता कमी केला आणि व्यायाम केला नाही, तर उतरलेल्या वजनातील साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात मुख्यतः स्नायू असतात. तरुणाला ही तूट भरून काढता येते. साठीनंतर स्नायू आधीच वर्षागणिक घटत असतात, त्यामुळे गेलेले सहजी परत येत नाहीत. नेम सुटून वजन पुन्हा चढले, तर चढते ती मुख्यतः चरबी. असे दोन-तीनदा वजन उतरवून चढवलेला वृद्ध माणूस काट्यावर पूर्वीसारखाच दिसतो, पण त्याचे शरीर पूर्वीचे राहिलेले नसते.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले होते. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काटकुळे हातपाय आणि पुढे आलेले पोट ही आपल्याकडील नेहमीची अंगकाठी. म्हणूनच आपल्यासाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त समजतात आणि २५ पासून स्थूलता. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. अशा शरीरात स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी. त्यातूनच उचल होत राहिली, तर शेवटी काय उरणार?

काकू घरी आल्यावर मी सूनबाईंकडून त्या चार महिन्यांतील ताट वदवून घेतले. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी दोन पोळ्या, एक भाजी, थोडा भात आणि वाटीभर पातळ वरण. डाळ वातूळ म्हणून वरण पातळ. दुधाने वजन वाढते असे कोणी तरी सांगितल्यामुळे दूध बंद. संध्याकाळी पपईच्या फोडी. दोन पोळ्यांतून सहा-सात ग्रॅम प्रथिने, वरणातून जेमतेम चार, भात, भाजी आणि चहातले दूध मिळून आणखी सहा-सात. एकूण बेरीज विसाच्या आत-बाहेर.

गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. काकूंच्या उंचीला साजेसे वजन धरले, तरी पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या खाली भागत नाही. त्यांना निम्मीही मिळत नव्हती. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. त्यांचे गणित वेगळे असते.)

मीरा-भाईंदर परिसरात शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. जैन, गुजराती, मारवाडी आणि आपली वारकरी माळकरी मंडळीही. शाकाहारात वजन उतरवणे अवघड असते का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. अवघड मुळीच नाही, पण शाकाहार म्हणजे आपोआप हलका आहार हा समज आधी सोडावा लागतो. बटाटेवडा, बासुंदी, चहाबरोबरची खारी आणि दुकानातून किलोने येणारे फरसाण, हे सगळे शुद्ध शाकाहारीच आहे! उपवासाचे तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

कात्री लावायची ती येथे. एक चहाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी, एक चमचा साखर म्हणजे २०. दिवसातून तीन चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर घेतली, तर १२० कॅलरी नुसत्या चहातून पोटात जातात. महिन्याला घरात तेल किती येते आणि खाणारी तोंडे किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. शेंगदाणे आणि सुकामेवा पौष्टिक खरे, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. मूठभर घ्यावेत, बरणी मांडीवर घेऊन बसू नये.

वरणाला मात्र कात्री लावू नये. एका माणसाच्या एका वेळच्या वरणासाठी मोठी मूठभर, म्हणजे तीसएक ग्रॅम कोरडी डाळ शिजली पाहिजे. त्यातून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. चाळीस ग्रॅम बेसनाच्या पिठल्यातून आठ-नऊ, पन्नास ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांतून बारा. पेलाभर दुधातून सहा-सात. साय काढलेले असले तरी प्रथिने तेवढीच. घरी केलेले पन्नास ग्रॅम पनीर कुस्करून भाजीत घातले तर नऊ. सोयाबीन या सगळ्यांच्या पुढे आहे. दळणात थोडे मिसळले तर चवही बदलत नाही. पातळ ताकाने तहान भागते, पण ते दुधाची किंवा दह्याची जागा घेऊ शकत नाही. डाळीने वायू धरतो अशी तक्रार असेल, तर डाळ चार तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे, हिंग घालावा आणि प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे.

शाकाहारी वृद्धांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. डाळी-भाज्यांतून ते मिळत नाही. शाकाहाऱ्याला दूधदुभते हाच काय तो आधार. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर ते आणखी घटते. कमतरतेमुळे पावले बधिर होतात आणि तोल जातो. काकूंची रक्ततपासणी केली तेव्हा बी-१२ अगदी तळाला गेलेले आढळले. दूध बंद करण्याचा सल्ला किती महाग पडला ते यावरून कळावे.

आता जेवणाच्या वेळांविषयी. दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार महाराष्ट्रात आधी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो घरोघरी नेला. जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे ते सांगतात; ताटात सॅलड आणि मोड आलेली कडधान्ये असावीत असाही त्यांचा आग्रह असतो. उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर थोड्या वेळाने, भुकेप्रमाणे, घरचे पारंपरिक अन्न खायला सांगतात. यावरून घराघरांत दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. माझे मत विचाराल, तर चाळिशीच्या माणसाने यांतले जे झेपेल ते पाळावे. वृद्धांच्या बाबतीत अडचण ही की, एका बैठकीत पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिने खाण्याइतकी भूक आणि दात पुष्कळांकडे नसतात. त्यांनी तीन वेळा थोडे थोडे खाणे बरे. जैन कुटुंबांतील चौविहाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी ती चांगली सवय मुळीच मोडू नये, फक्त ते जेवण डाळीचे किंवा दुधाचे असावे.

जेवण कमी करण्याआधी गोळ्यांचा कागद डॉक्टरांना दाखवा, ही माझी कळकळीची विनंती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले, तर साखर धोकादायक रीतीने खाली येते. वृद्धांत घाम सुटणे, हात थरथरणे ही लक्षणे दिसतीलच असे नाही. कधी कधी माणूस नुसता असंबद्ध बोलू लागतो आणि घरच्यांना वाटते, वयामुळे होत असेल. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन उतरताना जास्त होऊ शकतात.

आणि व्यायाम? अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०७ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नुसता आहार कमी करणाऱ्यांचे वजन १० टक्के उतरले, आहार व व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे ९ टक्के. काट्यावर फरक नगण्य. पण चरबी वगळून उरणारे शरीर पहिल्या गटात ५ टक्के घटले आणि दुसऱ्यात ३ टक्के. चालणे, उठणे, जिना चढणे यांत दुसरा गट स्पष्टपणे पुढे राहिला. त्या व्यायामात चालण्याबरोबर वजने उचलण्याचाही समावेश होता. आपल्याकडे व्यायाम म्हटला की चालणे, एवढेच डोळ्यांसमोर येते. चालणे उत्तमच आहे (घोडबंदर रस्त्याच्या कडेने मात्र नको, तेथील अवजड वाहने पाहता सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारलेल्या बऱ्या), पण चालण्याने मांड्यांना पुरेसे बळ येत नाही.

त्यासाठी हत्यार म्हणून घरातली खुर्ची पुरे. पाठ भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, पक्की खुर्ची घ्यावी. दोन्ही हात छातीवर आडवे धरून पूर्ण उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. शेजारी कोणी तरी उभे असावेच. तीस सेकंदांत किती वेळा उठता आले ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी आणि पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा जमले, तर पायांचे बळ वयाच्या मानानेही कमी आहे असे समजावे. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. स्त्रियांत ३३ आणि पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली असेल, तर वजन उतरवण्याचा विचार थांबवून आधी दवाखान्यात यावे. पाच-पाच उठाबशांच्या दोन खेपा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीवर तळवे टेकून हातांनी शरीर लोटणे, एवढे एक दिवसाआड केले तरी पुरते. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी.

सांभाळणाऱ्या लेकी-सुनांना आणि मुलांना एक सांगायचे आहे. महिन्याला दोन किलोंहून अधिक वजन उतरत असेल, तर आनंद करण्याआधी कारण विचारा. आणि काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा भाग गेला असेल, म्हणजे साठ किलोंतील तीन, तर तो आजाराचा इशारा असू शकतो. थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, अनियंत्रित मधुमेह आणि कित्येकदा केवळ उदासपणाही. जोडीदार गेल्यानंतर एकट्याने जेवणे नकोसे होते, हे मी फार घरांत पाहिले आहे.

काकू आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. खुर्चीतून आधी एकदाही हातांशिवाय उठता येत नव्हते, आता तीस सेकंदांत सात वेळा उठतात. वजन दीड किलोने वाढले, म्हणून परवा सूनबाई घाबरून आल्या. पोटरीचा घेरही एक सेंटिमीटरने वाढल्याचे मी त्यांना टेप लावून दाखवले. काकूंची तक्रार निराळीच होती. मी रोज मूठभर फुटाणे खायला सांगितले होते आणि ते त्यांना चावत नव्हते. वजन उतरले तशी हिरड्यांवरची कवळी सैल झाली होती. त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती, नुसते कठीण पदार्थ एकेक करून सोडून दिले होते. सोमवारी त्या दंतवैद्याकडे जाणार आहेत. तोवर फुटाण्यांचे पीठ करून दुधात कालवून घ्या, असे सांगितले आहे.