राखेचा लोट आणि त्याची उंची

इथियोपियांतील हायली गुब्बी हा ज्वालामुखी 23 नोव्हेंबर 2025 रोजीं जागा झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं त्याची राख अरबी समुद्र ओलांडून आपल्या देशावर आली. कांहीं विमानें रद्द झालीं. आणि ही राख हरभऱ्यावर पडेल काय, अशी पृच्छा आमच्याकडेही झाली. आमचें म्हणणें असें कीं, राख किती हें विचारण्यापूर्वीं ती किती उंचीवर आहे हें विचारावें. ही राख विमानांच्या वाटेवरून, कित्येक किलोमीटर उंचीवरून वाहत होती. उभ्या पिकास तिचें भय नव्हतें.

ही उंची कृत्रिम उपग्रहांवरून काढतात. लोटाच्या माथ्याचें उष्णतामान पाहून, जितका थंड तितका उंच, असा सोपा हिशेब करितात. परंतु उष्ण कटिबंधांत हवा सुमारें 16-17 किलोमीटरपर्यंतच थंड होत जाते. त्यावर सुमारें 50 किलोमीटरपर्यंत ती पुन्हां तापत जाते. म्हणजे एकाच उष्णतामानास दोन उंच्या निघतात! टोंगा देशांतील हुंगा हा समुद्रांतला ज्वालामुखी 15 जानेवारी 2022 रोजीं फुटला तेव्हां हीच अडचण आली. मग संशोधकांनीं जपान, अमेरिका व कोरिया यांच्या तीन उपग्रहांचीं दर दहा मिनिटांचीं चित्रें ताडून पाहिलीं. दोन बांधांवरून एकच झाड पाहिलें तर मागील डोंगरावर त्याची जागा सरकलेली दिसते. त्या सरकण्यावरून गणित मांडिलें. माथा 57 किलोमीटर निघाला.

पाऊस पडतो तो खालच्या थरांत, आणि तेथील राख तो धुऊन काढतो. वरच्या थरांत पाऊस नाहीं. म्हणून तेथें पोहोंचलेला गंधकाचा वायु सूक्ष्म कण होऊन वर्ष-दोन वर्षें टिकतो व ऊन अडवितो. फिलिपाइन्समधील पिनाटुबोनें 1991 मध्यें असा दीड ते दोन कोटी टन वायु वर लोटला, आणि पृथ्वी सुमारें अर्ध्या अंशानें थंड झाली. हुंगाचा लोट त्याहून उंच गेला, तरी त्यांत गंधक थोडा व पाण्याची वाफ सुमारें 14 ते 15 कोटी टन होती. तेव्हां लोटांत काय आहे तेंही पाहावें लागतें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परक्या देशांतील धूर पाहण्यास आकाशांत यंत्रें कशाला, असें म्हणणारे गृहस्थ आम्हांस भेटतात. त्यांस एवढेंच सांगणें कीं, पावसाळ्यांतील ढगांचीं चित्रें देणारे उपग्रहही याच जातीचे होत. पुढील प्रसंगीं वर्तमानपत्रांनीं रद्द विमानांच्या यादीआधीं लोटाच्या उंचीचा आंकडा छापावा, अशी आमची विनंती आहे.